तिसऱ्यांदा विचारायची पद्धत

माझ्या दुकानाच्या भिंतीला पोट सुटलंय हे मला लॉवेलने सांगितलं. तेही कसं, तर कॉफीचा दुसरा कप संपवून, टोपी डोक्यावर चढवून, दारापर्यंत जाऊन आणि मग मागे वळून. लॉवेल पालिकेचा इमारत तपासनीस. आमच्या टोर्सबी गावात वाईट बातमी दारात उभं राहूनच द्यायची असते.

"तशी काही फार वाईट नाही भिंत," तो म्हणाला. "पण वरच्या मजल्याच्या विटा पुढे आल्यात, आर्लिस. पत्र्यामागून दिसत नाहीत, एवढंच. पुढच्या हिवाळ्याचा बर्फ पडायच्या आधी काहीतरी कर, नाहीतर मला कुंपण घालून दार बंद करावं लागेल."

"फार वाईट नाही" हे आमच्याकडे सगळ्यात वाईट. गॉर्डीच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, छातीचा फोटो बघून डॉक्टर हेच म्हणाला होता, आणि गॉर्डीने त्या वर्षीचा ईस्टर पाहिला नाही.

तो पत्रा माझ्या सासऱ्यांच्या हौसेचा. त्या काळी हायवेवर नवीन मोठी दुकानं झाली आणि मेन स्ट्रीटवरच्या सगळ्यांना आपापल्या विटांची लाज वाटायला लागली. मग एकाचं बघून दुसऱ्याने आपलं जुनं दुकान वरपासून ॲल्युमिनियमच्या पत्र्याने झाकून टाकलं. खिडक्या गेल्या, नक्षी गेली, सगळा रस्ता फ्रिजच्या दारासारखा गुळगुळीत झाला. आता तेच पत्रे काढायला पालिका पैसे देते. माणसाने एका जन्मात किती वेळा हौस बदलायची?

तर पालिकेने या कामावर एक मुलगी नेमली होती, कॅमिल. न्यू जर्सीहून आलेली, चटचट बोलणारी, चालताना सुद्धा कुणीतरी मागे लागल्यासारखी चालणारी. मार्चमध्ये, रस्त्याकडेला काळा पडलेला बर्फ असताना, ती माझ्या दुकानात आली. माझं दुकान लोकरीचं आणि गोधड्यांच्या कापडांचं. आल्या आल्या तिने सांगायला सुरुवात केली.

"मिसेस ट्वेट, जुन्या दुकानांच्या दर्शनी भागासाठी अनुदान आहे. अर्धा खर्च पालिका करते, अर्धा मालकाने करायचा. पत्रा काढायचा, विटा नीट करून घ्यायच्या, खिडक्या मोकळ्या करायच्या. अट एकच, खाली दुकान चालू राहिलं पाहिजे. रिकाम्या इमारतीला रंग लावायला आम्ही पैसे देत नाही. यंदा एकाच इमारतीपुरते उरलेत आणि पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. मला वाटतं ते तुम्ही घ्यावेत."

मी लगेच मनात हिशोब केला, खरं सांगते. अर्धा खर्च गॉर्डीच्या विम्यातून निघाला असता. पूर्ण खर्च माझ्या सात पिढ्यांना झेपला नसता.

"छे गं," मी म्हटलं. "मला कशाला? कुणाला तरी जास्त गरज असेल."

"नक्की?"

"अगं, खरंच नको. शेजारी ऑर्व्हलचं बघ. त्याचं दुकान माझ्यापेक्षा जुनं आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

गेली म्हणजे खरंच गेली. मी हातात लोकरीचा गुंडा धरून तशीच उभी. अशी कशी गेली ही? आमच्याकडे कुणी खाऊचं ताट पुढे केलं, तर पहिल्यांदा म्हणायचं नको. दुसऱ्यांदा म्हणायचं नको, आत्ताच जेवले. तिसऱ्यांदा म्हणायचं बरं, अर्धा तुकडा दे. मग तो अर्धा तुकडा खायचा, आणि उरलेला अर्धाही थोड्या वेळाने खायचा. माझी आई अशी वागली, आजी अशी वागली, आणि नॉर्वेहून बोटीने येताना पणजीने पाणीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावरच घेतलं असणार. पहिल्या विचारण्यावर हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्यात अधाशी समजतात. आणि विचारणाऱ्याने दोनदाच विचारून थांबणं, हे तर मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुपारी ती परत आली. नाकावर थंडीने लाली, कपाळावर आठी.

"मिस्टर स्टेनरुड म्हणतात तुम्हाला द्या."

ऑर्व्हल स्टेनरुड म्हणजे आमच्या गावचा न्हावी. माझ्या दुकानाला लागून त्याचं दुकान, गॉर्डीचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या बायकोला, डिलोरिसला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डिलोरिस गेल्यापासून तो माणूस उतरून गेला होता. न्हाव्याच्या दुकानाची खूण म्हणून दारावर लावलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब फिरायचा थांबला, तो तसाच. गिऱ्हाईक नसलं की आपल्याच खुर्चीत बसून आपल्याच आरशात बघत राहायचा.

आता त्याने माझं नाव घेतल्यावर मी कुठल्या तोंडाने हो म्हणू? गाव काय म्हणेल, रंडकीने रांडावलेल्याच्या तोंडचा घास काढला? शिवाय मला खरंच वाटलं, की त्याच्या दुकानाला परांची लागली, खिडक्या उघडल्या, तर बिचारा जरा ताजातवाना होईल.

"बस इथे," मी कॅमिलला म्हटलं. "तुला एक गोष्ट सांगते, नाहीतर या गावात तुझं काही खरं नाही. तो किती वेळा नको म्हणाला?"

"दोनदा."

"मग झालं तर. म्हणजे त्याला हवंय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच न्यू जर्सीची. "नको म्हणजे हवंय?"

"पहिलं नको म्हणजे काहीच नसतं. दुसरं नको म्हणजे विचार चाललाय. तिसऱ्यांदा विचारायचं असतं, पोरी. जा, अजून एकदा विचार."

ती दारापर्यंत गेली आणि थबकली. हुशार होती तशी. "मग मिसेस ट्वेट, तुम्ही पण दोनदाच नको म्हणालात. तुमचं काय?"

तेव्हा माझ्या तोंडून हो निघायला हवं होतं. दार उघडं होतं, ती विचारत होती, तिसरी वेळ होती. पण आत्ताच तिला ऑर्व्हलकडे धाडलेलं, आणि लगेच आपली झोळी पसरायची? जीभ रेटेना.

"माझं नको म्हणजे नकोच," मी म्हटलं.

ऑर्व्हलने तिसऱ्यांदाही नकोच म्हटलं. मग मी स्वतः मागे लागले. फुटपाथवरचा बर्फ दोघं आपापल्या दारापुढून फावड्याने ओढत होतो, तेव्हा म्हटलं, अरे घे की. तो म्हणाला, "तू घे, आर्लिस. मला आता कशाला?" रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना म्हटलं, तर म्हणाला, "खरंच नको गं. मनापासून सांगतोय." मनापासून म्हणाला, म्हणजे फारच संकोचतोय बिचारा, असं मी धरलं. डिलोरिस असती तर तिने त्याच्या वतीने हो म्हटलं असतं. ती नाही, तर मी म्हणते, असं ठरवून मी अर्जसुद्धा त्याच्यासमोर ठेवला आणि पेन हातात दिलं. त्याने पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं. मग काय."

"बघितलंस?" मी कॅमिलला नंतर म्हटलं. "विचारत राहावं लागतं."

पालिकेच्या सभेत नाव जाहीर झालं तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. ऑर्व्हल दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याने वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

मग सगळा उन्हाळा डोक्याला ताप. बर्फ वितळल्याबरोबर ऑर्व्हलच्या दुकानाला परांची लागली. पत्रा काढला तेव्हा आतून कबुतरांची घरटी, जुन्या थंडीतली कोरडी पानं आणि कुणाचा तरी एक बूट पडला. धूळ अशी उडाली की माझ्या पांढऱ्या लोकरीची राखाडी झाली, आणि ती मी तशीच राखाडी म्हणून विकली. गवंडी दिवसभर दरजा भरायचे, दिवसभर रेडिओ लावायचे. माझे गुडघे आधीच गेलेले, त्यात गिऱ्हाइकाला त्यांच्या फळ्यांखालून वाकून आणायचं म्हणजे नाकी नऊ आले.

आणि कॅमिल. तिला मी शिकवलं ते तिच्या अंगातच शिरलं. आता ती प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला लागली. गवंड्याला पाणी हवंय का, तो हो म्हणाला तरी अजून दोनदा विचारायची. लॉवेल मला म्हणाला, "त्या पोरीने मला बसा म्हणून तीनदा विचारलं. मी बसलेलोच होतो."

रंग निवडायची तर मोठीच करमणूक. खिडक्यांच्या लाकडाला हिरवा द्यायचा ठरलं, आणि कॅमिलने हिरव्याच्या पट्ट्या ऑर्व्हलच्या खुर्चीवर पसरल्या.

"कोणता आवडला, मिस्टर स्टेनरुड?"

"सगळे छान आहेत."

"पण त्यातला कोणता?"

"तुला आवडेल तो."

"तिसऱ्यांदा विचारते. कोणता?"

"पोरी," ऑर्व्हल म्हणाला, "हे हिरव्याचे एवढे प्रकार मी आयुष्यात आज पहिल्यांदा बघतोय. झाडंसुद्धा एवढी नखरेल नसतात."

शेवटी रंग मीच निवडला. सगळ्यात गडद, डिलोरिसच्या कोटासारखा. त्याला सांगितलं नाही.

झालं मात्र सुंदर, ते नाकारून चालणार नाही. वरच्या उंच खिडक्या मोकळ्या झाल्या, त्यांच्यावर विटांच्या कमानी, सगळ्यात वर दातेरी नक्षीची पट्टी. खांब पुन्हा फिरायला लागला. लोक गाड्या हळू करून बघायचे. आणि त्याच्या शेजारी माझं दुकान, तोच जुना पत्रा, मधोमध फुगलेला. सुंदर बाईच्या शेजारी फोटोत उभं केल्यासारखं वाटायचं मला. राग यायचा, आणि राग येतोय म्हणून स्वतःचाच राग यायचा. मीच टाळ्या वाजवल्या होत्या ना.

ऑक्टोबरमध्ये पानं गळून गेली आणि लॉवेल आला. या वेळी कॉफी नको म्हणाला, आणि मी तिसऱ्यांदा विचारलं तरी नकोच म्हणाला. तेव्हाच मी समजले.

"पुढच्या आठवड्यात कुंपण घालतोय, आर्लिस," तो दारात उभं राहून म्हणाला. "माझा इलाज नाही. वीट कुणाच्या डोक्यात पडली तर?"

"फार वाईट आहे का?"

"नाही," लॉवेल म्हणाला. "फार वाईट नाही."

मी सामान भरायला घेतलं. लोकर खोक्यात भरताना ती किती असते ते कळतं. भिंतीवर होती तोवर रंग होते, खोक्यात गेली की नुसतं ओझं. मागच्या टेबलावर बुधवारी बायका विणायला बसायच्या, त्या आल्या, खोकी बघितली आणि सगळ्यांनी एकेक गुंडा जास्तीचा विकत घेतला. "स्वेटर करेन कुणाला तरी," त्या म्हणाल्या. कुणी हे म्हणालं नाही की आर्लिस, आता तू सकाळी उठून कुठे जाणार. मलाही ते माहीत नव्हतं. घरी गॉर्डीची खुर्ची आणि टीव्ही. मला त्या दोघांची भीती वाटत होती, हे मी कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्व्हलने मला त्याच्या दुकानात बोलावलं. मी कॉफीचा थर्मास घेऊन गेले, रिकाम्या हाताने कसं जायचं. आत पाऊल ठेवलं तर समोरच्या खिडक्यांतून ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत आलेलं. कपाटावरच्या बाटल्या नव्हत्या. आरसा उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेला. न्हाव्याची खुर्चीसुद्धा कागदात गुंडाळलेली.

"हे काय?" मी म्हटलं.

"बस," तो म्हणाला. बसायला एक बाक उरला होता, त्यावर आम्ही दोघं बसलो. त्याने हात पुढे केला, तळवा खाली करून. हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही, आतूनच. "हे गेल्या हिवाळ्यापासून चाललंय. वस्तरा धरवत नाही. लॉवेलचा कान मी दोनदा कापला. तो काही बोलला नाही, पण आता हायवेवर जातो केस कापायला."

मी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"जेनेल केव्हाची बोलावतेय ॲरिझोनाला," तो म्हणाला. जेनेल म्हणजे त्याची मुलगी. "फेब्रुवारीतच ठरवलं होतं, की दुकान बंद करायचं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच."

"फेब्रुवारीत? आणि ती पोरगी आली मार्चमध्ये?"

"हो."

"मग तू नको म्हणालास ते..."

"नको म्हणूनच नको म्हणालो, आर्लिस. त्या पोरीला तीनदा म्हणालो. तुला फुटपाथवर म्हणालो, चर्चमध्ये म्हणालो. अजून कसं म्हणतात नको? मला काही येत नाही दुसरं."

मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरचा हात, खरोखरचं कपाळ. "अरे मग सभेत तरी उठून सांगायचंस."

"तू टाळ्या वाजवत होतीस," तो म्हणाला.

मला रडू आलं नाही. रडायलाही जोर लागतो, आणि मी त्या उन्हाळ्यात सगळा जोर त्याच्या दुकानाची धूळ झाडण्यात घालवला होता. मी माझ्याच हाताने माझं दुकान वाचवणारं अनुदान ज्याला नको त्याला देऊन आले, आणि वर बाहेरच्या पोरीला शिकवलं, की असंच करायचं असतं. गॉर्डी असता तर पोट धरून हसला असता. आत्ता तो हवा होता मला.

"मग आता या अनुदानाचं काय?" शेवटी मी विचारलं. "अट आहे ना. खाली दुकान चालू पाहिजे."

"चालू पाहिजे," ऑर्व्हल म्हणाला. "केसच कापले पाहिजेत असं काही त्यात नाही. कॅमिलला विचारलंय मी." त्याने खिशातून किल्ली काढली आणि बाकावर आमच्या दोघांच्या मधे ठेवली. "तू ये इथे. लोकर लाव, कापडं लाव. त्या बायकांचं टेबल खिडकीखाली बसेल, मी मोजून बघितलं. भाडं नको मला."

मी किल्लीकडे बघितलं. ऊन पडलं होतं तिच्यावर.

"छे रे," मी म्हटलं. "असं कसं? तुझं दुकान आहे."

बघा. याला काय म्हणावं? माझं दुकान पुढच्या आठवड्यात बंद होणार, त्याचं रिकामं राहिलं तर पालिकेला सगळं परत द्यावं लागणार, आणि माझं तोंड आपलं वळण सोडेना.

"आर्लिस, घे की."

"नको, ऑर्व्हल. जेनेलला विचार आधी. दुसरं कुणी भाडं देणारं मिळेल तुला."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला, किल्ली उचलून खिशात टाकली, खुंटीवरचं जाकीट काढलं. थरथरत्या हाताने ती चेन लावायला त्याला फार वेळ लागला आणि मी मदत केली नाही, कारण त्याला ते आवडलं नसतं. टोपी घातली. दाराकडे चालायला लागला.

मी वाट बघत होते. अख्ख्या आयुष्यात या माणसाने कुणाला कुठली गोष्ट दोनदाच विचारून सोडली नव्हती. साधी सिगारेट देतानाही नाही. तो दारापाशी पोचला. मुठीवर हात ठेवला. तेव्हा मला कळलं, की हा माझं नको ऐकून चाललाय. चारचौघांसारखं खरं मानून चाललाय.

"ऑर्व्हल," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा विचार ना."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. "दमलो मी विचारून आणि नको म्हणून," तो म्हणाला. "तूच सांग."

शेजारून लॉवेलच्या माणसांचा आवाज येत होता, ते कुंपणाचे खांब आधीच आणून गाडीतून उतरवत होते. मला आठवत नाही, की त्याआधी मी हे वाक्य कुणाला कधी म्हटलं होतं. आईला नाही, गॉर्डीलाही नाही.

"मला हवंय," मी म्हटलं. "हे दुकान मला हवंय. फार हवंय."

तो परत आला. किल्ली काढून माझ्या हातात दिली, नीट बोटं मिटेपर्यंत धरून ठेवली, आणि जाकीट न काढताच बाकावर बसला. मी थर्मास उघडला.

"अर्धा कप घेशील?" मी विचारलं.

"हो," ऑर्व्हल म्हणाला. "पूर्ण दे."